गडी, मानकरी आणि वर्गणीदार : कोकणातील हुतुतूच्या संघटनेचा शब्दांवरून घेतलेला मागोवा

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव दोन वाटांच्या फाट्यावर वसलेले आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग हातखंब्यावरून येथे येतो आणि पुढे लांज्याकडे वळतो. दुसरी वाट नाणीज, साखरपा व आंबा घाट या मार्गाने कोल्हापूरकडे चढते. सुधागडची पाली बल्लाळेश्वरामुळे सर्वत्र ठाऊक आहे. ही पाली तिच्याहून निराळी. येथील दैवत लक्ष्मीपल्लीनाथ या नावाने ओळखले जाते आणि वस्ती अथवा वाडी या अर्थाचा 'पल्ली' हा जुना शब्द त्या नावात अद्याप टिकून राहिला आहे. या फाट्याचा उल्लेख आरंभीच करण्यास कारण आहे. कोकणातील हुतुतूचा, म्हणजे आजच्या कबड्डीचा, संघटित इतिहास अशाच दोन वाटांनी खेड्यात उतरला. छापील नियम घाटावरून आले, पैसा व कपडे मुंबईहून आले. खेळणारे तेवढे पहिल्यापासून येथलेच होते. या तिघांचा एकमेकांशी संबंध कसा जडला आणि त्यात कोणाच्या शब्दास किती वजन राहिले, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

क्रीडाविकासाच्या योजनांविषयीच्या लेखनात हल्ली 'हितधारक' किंवा 'भागधारक' असे शब्द योजलेले आढळतात. दोन्ही शब्द 'स्टेकहोल्डर' या इंग्रजी शब्दासाठी घडविलेले आहेत व दोन्ही मराठीत उपरे वाटतात. भागधारक म्हणजे कंपनीचे भाग विकत घेणारा. मैदानावर धावणाऱ्या मुलास तो शब्द लावणे विनोदी होईल. हितधारक हा शब्द हिंदीच्या वळणाचा आहे. गमतीची गोष्ट अशी की, मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ याच्या नेमका उलट होता. पैज लावणाऱ्या दोघांची रक्कम ज्या तिऱ्हाइताच्या हाती ठेवावयाची, आणि ज्याचे त्या पैजेत स्वतःचे काहीही गुंतलेले नाही, तो स्टेकहोल्डर. पुढे ज्याचे काही गुंतलेले आहे असा प्रत्येकजण त्या नावाखाली आला. खेळाच्या कारभारात तिऱ्हाईत कोण आणि गुंतलेला कोण हा घोटाळा अशा रीतीने त्या शब्दाच्या पोटातच आहे.

कोकणातील गावगाड्यास ही कल्पना नवी नव्हती. तिच्यासाठी नवा शब्द घडविण्याचे कारणही नव्हते, कारण जुने शब्द एकाहून अधिक होते: मानकरी, वर्गणीदार आणि (थोडा उशिरा आलेला) पदाधिकारी. चौथा शब्द 'गडी' हा होय. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खेळातला सोबती तो गडी. सवंगडी, खेळगडी हे शब्द त्यावरूनच आले. आणि शेतावर वा घरी मोलाने राबणारा माणूस, तोही गडीच. शंभर वर्षांच्या संघटनेत हुतुतूच्या गड्याला पहिल्या अर्थाने वागविले की दुसऱ्या, हा या लेखापुढचा प्रश्न आहे.

मानकऱ्यापासून आरंभ करू. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, तेव्हा तिला खांदा कोणी द्यावयाचा, नारळ प्रथम कोणाचा, होळीचे झाड कोणत्या वाडीने आणावयाचे, हे सारे परंपरेने ठरलेले असते. मान हा शब्द आपण सन्मान या अर्थी घेतो. परंतु गावकीत मान म्हणजे हक्क आणि कामगिरी यांचे एकत्र बांधलेले गाठोडे. ज्याचा झाड आणण्याचा मान आहे त्याने ते आणलेच पाहिजे; न आणल्यास मान जातो. मानकऱ्याचा सहभाग असा दुहेरी असल्याने गावकीच्या बैठकीत त्याला बोलण्याचा अधिकार असे, आणि त्याच्या बोलण्याला वजन असे. ही व्यवस्था समतेची होती असे कोणी समजू नये. मान जन्माने येई, काही वाड्यांना तो मुळीच नसे, आणि बायकांचा तर प्रश्नच उद्भवत नसे. खोतीची पद्धत १९४९ च्या कायद्याने संपली, तरी मानाची उतरंड त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

हुतुतू हा खेळ या उतरंडीच्या बाहेरचा होता. भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या मळ्यात, झोडणी आटोपलेल्या खळ्यात तो रंगे. त्याला साहित्य लागत नाही, खर्च लागत नाही, आणि कोणाची परवानगीही लागत नाही. रेघा पायाच्या अंगठ्याने ओढावयाच्या आणि गडी वाटून घ्यावयाचे. ज्यांना पालखीला खांदा देण्याचा मान नव्हता त्यांनाही येथे प्रतिस्पर्ध्याचा पाय धरता येत असे. खेळाचे नियम त्या त्या मळ्यापुरते असत; वाद उद्भवल्यास खेळणारेच तो मिटवीत, किंवा खेळ मोडीत. नियम करणारा, पाळणारा आणि मोडणारा हे तिघे एकच असल्याने सहभागाचा प्रश्नच पडत नव्हता. तो पडला तेव्हा, जेव्हा एका मळ्यातल्या गड्यांना दुसऱ्या मुलखातल्या गड्यांशी खेळावयाचे ठरले.

येथून आपण घाटावर जाऊ. विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात देशी खेळांना नियमबद्ध करण्याची जी चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली तिची ठाणी शहरांत होती. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. तेथे १९१४ मध्ये खो-खोचे पहिले नियम तयार झाले. त्याच वर्षी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. हुतुतूचे नियम १९१८ मध्ये आखले गेले, १९२३ मध्ये छापून प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी बडोद्यास त्या नियमांनुसार अखिल भारतीय सामने भरले. या कामी बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचा वाटा मोठा होता. पुढे १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ निघाले व चौथ्या दशकाच्या मध्यास त्याने देशी खेळांच्या नियमांना अधिक नेटके रूप दिले. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अमरावतीच्या मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हुतुतूही होता.

हा क्रम अनेकदा सांगितला गेला आहे. त्या बैठकांत कोण बसले होते याची चौकशी सहसा केली जात नाही. सारी इतिवृत्ते हाती नसली तरी एक साधन आपल्यापाशी आहे, आणि ते म्हणजे नियमांची परिभाषा. भूस्तरांवरून जसा जमिनीचा इतिहास वाचतात, तसा शब्दांच्या थरांवरून या खेळात कोणी कोणत्या काळी हात घातला ते वाचता येते.

सर्वांत खालचा थर मळ्यातला आहे: गडी, डाव, पकड, लोण. त्यालगत 'दम' हा फारसी शब्द येतो. पण तो मराठीत इतका मुरलेला आहे की त्याला परका म्हणणे अन्यायाचे होईल. 'चढाई' हा शब्द लष्करी आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे वाचन ज्या पिढीच्या हाडीमासी खिळले होते तिला तो आपोआप सुचला असावा. 'पंच' आणि 'सरपंच' हे शब्द गावच्या चावडीतून उचललेले. त्यांतून न्यायदानाची एक ओळखीची कल्पना खेळात आली व खेळाडूंनी ती विनातक्रार स्वीकारली. त्यावरचा थर संस्कृताचा. स्पर्श झालेला गडी बाद होऊन पुन्हा जिवंत होण्याचा प्रकार तो 'संजीवनी', बाद झालेल्याने बाहेरच राहावयाचे तो 'गमिनी', आणि गडी बाहेर जातच नाही, केवळ गुण मोजला जातो तो 'अमर'. ही नावे मळ्यातल्या मुलांनी ठेवलेली नाहीत हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. शुक्राचार्याची विद्या ज्यांना पाठ होती अशा शिक्षकांनी व वकिलांनी ती ठेवली.

परंतु येथेच बडोदे-पुण्याच्या मंडळींना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. नावे त्यांची असली तरी हे तीन प्रकार त्यांनी कल्पिलेले नव्हते; निरनिराळ्या भागांत प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या तीन रीती त्यांनी नोंदविल्या, आणि अखेर जो नियम सिद्ध झाला तो या रीतींची तडजोड होता. आजच्या खेळात गडी बाद होतो आणि प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की परत येतो, हा संजीवनीचा अंश; सात गड्यांची संख्या गमिनीची; प्रत्येक बाद गड्याचा गुण मांडत जाणे हे अमराच्या जवळचे. ज्या मुलखातून ती रीत आली तेथले गडी बैठकीस नव्हते, तरी त्यांची रीत बैठकीस होती. सहभागाचा हा एक अप्रत्यक्ष प्रकार म्हणावा लागेल, आणि नंतरच्या काळाशी तुलना करता तो अगदीच टाकाऊ नव्हता.

दोन शब्दांपाशी थोडे थांबतो. पहिला 'निदानरेषा'. चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणात निदान एवढी रेषा तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. इंग्रजीतील 'बॉक लाइन' म्हणजे अडविणारी रेषा. मराठीने तिला निदान म्हटले, आणि एका क्रियाविशेषणात सारा नियम सांगून टाकला. नियम लिहिणाऱ्यांपैकी कोणाचे तरी कान बोलीकडे होते याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

दुसरा शब्द 'लोण'. संस्कृत 'लवण', प्राकृत 'लोण', म्हणजे मीठ. आट्यापाट्यांच्या खेळात सर्व पाट्या ओलांडून शेवटापर्यंत जाऊन परत फिरणाऱ्या गड्याशी हा शब्द निगडित आहे, आणि एखाद्या गोष्टीचे लोण पसरले किंवा लोण दूरवर पोहोचले असे आपण म्हणतो, ते माझ्या मते त्या खेळावरूनच. हुतुतूत एका पक्षाचे सर्व गडी बाद झाले की लोण चढते व प्रतिपक्षास दोन गुण अधिक मिळतात. महासंघ आला, आशियाई सामने आले, नियम इंग्रजीत छापले गेले. तरी त्या इंग्रजी नियमांत हा शब्द 'लोना' या उच्चाराने अजून छापला जातो. जपानी अथवा इराणी खेळाडूच्या तोंडी मिठाला असलेला हा जुना मराठी शब्द येतो तेव्हा कोणा अनाम गड्याचा आवाज नियमपुस्तकात शिल्लक आहे असे म्हणावयास हरकत नाही.

पण खेळाचे नावच गेले. ज्या आरोळीवरून 'हुतुतू' हे नाव पडले ती महाराष्ट्राची. बंगालात 'हाडुडू', तमिळ व तेलुगू मुलखांत 'चेडुगुडु', उत्तरेत 'कबड्डी'. अखिल भारतीय सामने भरवावयाचे तर एकच आरोळी हवी, हे ओघानेच आले. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत खेळाचा समावेश झाला तो कबड्डी या नावाने. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांचे पहिले राष्ट्रीय सामने झाले, १९५५ मध्ये कलकत्त्याला स्त्रियांचे. नियम बांधण्याचे कष्ट महाराष्ट्राने घ्यावेत आणि नाव उत्तरेचे पडावे, याचे वैषम्य जुन्या मंडळींना वाटले. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मात्र निवड वाईट नव्हती. 'हुतुतू' मध्ये ओठ गोल राहतात व दोन्ही 'त' अघोष, त्यामुळे आरोळी मंद झाली की श्वास घेतला की नाही हे ओळखणे कठीण. 'कबड्डी' त आरंभीचा 'क' सोडल्यास सारे वर्ण घोष आहेत, आणि द्वित्त 'ड्ड' मुळे प्रत्येक उच्चाराला ठोका मिळतो. दूर उभ्या पंचाच्या कानाला हे सोयीचे. सोय पंचाची झाली, गड्याची नव्हे, हेही नोंदविले पाहिजे. 'हुतुतू' लांबविणे दमाला सोपे जाते असे जुने खेळाडू सांगतात, आणि दोन्ही आरोळ्या स्वतः घालून पाहिल्यावर मला ते पटले.

आता दुसरी वाट, मुंबईची. शारीरिक शिक्षणाचा प्रसार शाळांतून व्हावा म्हणून १९३७ मध्ये मुंबई सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३८ मध्ये कांदिवलीस शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था निघाली. छापील नियमांची पुस्तिका घेऊन खेड्यात शिरणारा पहिला माणूस बहुधा असा प्रशिक्षित शिक्षक असे. तरी रत्नागिरी जिल्ह्यात शाळेपेक्षा चाकरमान्याने हुतुतूसाठी अधिक केले असे माझे मत आहे. लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी येथल्या चाळींत गावागावाच्या मंडळींच्या खोल्या असत. पाळीने कामावर जाणारे पुरुष तेथे दाटीने राहत, महिन्याचा हिस्सा भरीत, आणि त्याच खोलीत गावच्या मंडळाची वही ठेवलेली असे. देवळाचे छप्पर, शाळेची भिंत, पाण्याची टाकी, आणि त्याच वहीत पुढच्या पानावर सामन्यांची ढाल. येथे 'वर्गणीदार' जन्मला.

मानकरी आणि वर्गणीदार यांतील भेद लहान नाही. वर्गणी जन्माने येत नाही. ती पगारातून येते. ज्या वाडीला गावात मान नव्हता तिच्यातला गिरणी कामगारही वहीत नाव लिहवू शकत होता, आणि नाव लिहविले की हिशेब विचारू शकत होता. गावकीच्या बैठकीत जो मागे बसे तो चाळीतल्या सभेत उठून उभा राहून चिटणिसाला जाब विचारी, हे परिवर्तन हुतुतूच्या निमित्ताने झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हुतुतूची वर्गणी हा त्याच्या सरावाचा एक भाग होता. शिवाय वर्गणीदार बहुधा खेळाडूही असे. गिरणीच्या वा रेल्वेच्या संघातून खेळणारा तरुण सुटीला आला की गावच्या पोरांना नवा डाव शिकवी. खेळणारा, पैसे देणारा आणि कारभार पाहणारा यांचे अंतर या काळात सर्वांत कमी होते. संघटनेच्या इतिहासातील हा उत्तम काळ मी समजतो, जरी त्यात बायका दिसत नाहीत, आणि दिसल्या तर भाकऱ्या करताना दिसतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. त्याचा परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी सविस्तर तपासला आहे. गावोगावच्या क्रीडामंडळांवर झालेला परिणाम कोणी तपासल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गिरणीतून मिळणारी पाच-दहा रुपयांची वर्गणी आटली आणि तिच्या जागी एकरकमी देणगी आली. ठेकेदार, व्यापारी, पुढारी यांच्याकडून आलेल्या देणगीने सामने पूर्वीपेक्षा झगझगीत झाले, बक्षिसाची रक्कम वाढली, रात्रीचे दिवे आले. परंतु एका माणसाने दिलेल्या मोठ्या रकमेचा हिशेब शंभर माणसे विचारीत नाहीत. वर्गणीदार गेला व 'सौजन्य' आले.

याच सुमारास, किंबहुना त्याच्या थोडे आधीपासून, चौथा शब्द बळावत होता. मंडळाची नोंदणी करावयाची तर १८६० चा संस्थानोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांचा कायदा लागतो. त्यासाठी घटना, कार्यकारिणी, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हवेत. गावचे मंडळ जिल्हा संघटनेस संलग्न, जिल्हा संघटना राज्याच्या संघटनेस, ती महासंघास. 'संलग्न', 'मान्यताप्राप्त', 'अधिकृत' ही विशेषणे पूर्वी खेळात नव्हती. आज त्यांच्यावाचून खेळाडूचे पान हालत नाही, कारण शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये घेतला, आणि त्या जागेचा दावा प्रमाणपत्रावर उभा राहतो. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या सामन्याचे असावयास हवे.

पालीच्या परिसरात शब्दसंग्रहासाठी हिंडत असता एका वयस्क गृहस्थांशी गाठ पडली. तरुणपणी ते मुंबईस एका कारखान्याच्या संघातून खेळत. त्यांच्याकडून 'दम कोंडणे', 'पाय काढणे' असे काही प्रयोग मी टिपून घेत होतो. बोलता बोलता ते म्हणाले, "सर, शब्द घ्या हवे तेवढे. आमच्या मुलाचा कागद मात्र कोणी घेतला नाही." मुलगा ज्या सामन्यांत खेळला ते ज्या मंडळाने भरविले होते त्याची संलग्नता त्या वर्षी नूतन झालेली नव्हती. पदाधिकाऱ्यांतील वादामुळे कागद अडला होता. खेळाडूंपैकी कोणास त्याची वार्ताही नव्हती. मी विचारले, "काका, तुम्ही सभेत का नाही विचारलेत?" ते हसले. "आम्ही गडी. गड्याला सभेचं बोलावणं कुठलं?" त्यांनी शब्द कोणत्या अर्थाने वापरला ते मी विचारले नाही.

कारभारात खेळाडूस स्थान नसणे हा केवळ आपलाच दोष आहे असे नव्हे. १८८४ मध्ये आयर्लंडात, तिपेररी परगण्यातील थर्ल्स गावी, देशी खेळांच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. तिची घडण आपल्या गावमंडळांशी विलक्षण जुळते: चर्चच्या हद्दीतील गाव हा घटक, त्यावर परगणा, त्यावर मध्यवर्ती मंडळ, परभाषेच्या राज्यात देशी भाषेचा व देशी खेळाचा अभिमान एकत्र गुंफलेला, खेळाडू हौशी. तेथेही खेळाडूंची स्वतंत्र संघटना निघावयास १९९९ साल उजाडले, आणि मूळ संस्थेने तिला मान्यता देण्यास आणखी सुमारे दहा वर्षे घेतली. परंतु तेथे गावच्या मंडळाची वार्षिक सभा कधी बंद पडली नाही, आणि खेळून निवृत्त झालेला माणूस त्या सभेचा सभासद राहतो. आपल्याकडे खेळ सोडला की खेळाडूचे मंडळाशी असलेले नाते बहुधा प्रेक्षकाचे उरते.

१९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डी आली. २०१४ मध्ये व्यावसायिक साखळी सामने सुरू झाले आणि खेळ दूरदर्शनसंचावर दिसू लागला. माती जाऊन मॅट आली, 'चढाई' च्या जोडीला 'रेड' आली, 'पकड' च्या जोडीला 'टॅकल', आणि लोणाला 'ऑल आउट' म्हणू लागले. परिभाषेचा हा सर्वांत वरचा थर. तो कोणी घातला हे शब्दच सांगतात. याच थरात तीस सेकंदांची मर्यादा येते. घड्याळ पंचाच्या मदतीला आले, हे चांगलेच झाले. पण तीस सेकंद मोजणारे घड्याळ असले की दम ऐकण्याचे महत्त्व ओसरते. ज्या आरोळीसाठी हुतुतूने आपले नाव सोडले ती आरोळी आता निवेदकाच्या आवाजाखाली जवळजवळ ऐकू येत नाही. गावातली मुले तीच पद्धत उचलतात, आणि मॅट परवडत नसलेल्या मंडळाचे सामने कमी दर्जाचे ठरू लागतात. हा बदल करताना मातीवर खेळणाऱ्यांना कोणी विचारले नाही. बडोद्याच्या बैठकीत त्यांची रीत तरी हजर होती.

वरच्या पातळीवर कारभाराचा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या प्रमुख पदांवरील निवड रद्द ठरविली व कारभार प्रशासकाकडे सोपविला. तो बराच काळ तसाच राहिला. २०२५ च्या आरंभी इराणात होणाऱ्या आशियाई अजिंक्यपदासाठी संघ पाठविणे अशक्य होते की काय अशी वेळ आली, तेव्हा दोन महिला खेळाडूंनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. फेब्रुवारीत न्यायालयाने निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे कारभार देण्यास सांगितले, आणि मार्चमध्ये भारताच्या महिला संघाने तेहरानला ते अजिंक्यपद जिंकले. पदाधिकाऱ्यांनी व वकिलांनी वर्षानुवर्षे न सोडविलेली गाठ दोन खेळाडूंच्या अर्जाने सुटली, आणि त्या दोघी स्त्रिया होत्या. ज्यांना शिमग्यात मान नव्हता आणि चाळीच्या वहीत ज्यांचे नाव नव्हते त्यांनी हे केले, ही गोष्ट या खेळाच्या इतिहासकाराने ठळक अक्षरांत लिहावयास हवी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संस्थांच्या कार्यकारिणीत नामांकित खेळाडूंना व स्त्रियांना जागा ठेवल्या आहेत. 'नामांकित' या विशेषणात पालीच्या मळ्यातला गडी बसत नाही.

गावोगावच्या सामन्यांची पत्रके मी गेली काही वर्षे जमवीत आहे. त्यांचा मजकूर बहुधा एकाच साच्याचा असतो. माथ्यावर ग्रामदेवतेचे नाव, त्याखाली उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सौजन्य, मग अध्यक्षापासून सल्लागारापर्यंत पदाधिकारी, बक्षिसांच्या रकमा, प्रवेशशुल्क, आणि तळाशी 'सरपंचांचा निर्णय अंतिम राहील'. जुन्या पत्रकांत शेवटी वर्गणीदारांची यादी असे, कधी ती पाठच्या बाजूवर जाई. अलीकडच्या पत्रकांत तेथे छायाचित्रे असतात. गड्यांची नावे जुन्या पत्रकांत नव्हती, नव्यांतही नाहीत. ती गुणलेखकाच्या तक्त्यावर, छातीवरच्या क्रमांकापुढे लिहिली जातात, आणि सामने आटोपल्यावर ते तक्ते मंडळाच्या कपाटात राहतात. पालीच्या त्या गृहस्थांच्या मुलाचे नाव अशाच एका तक्त्यावर आहे. तक्ता मी पाहिला आहे, त्याच्या नावापुढे अकरा गुण मांडलेले आहेत.